डब्याची खोळ

सुकेशनीच्या घरात उघडं असं काही दिसायचं नाही. मिक्सरला खोळ, फ्रिजला खोळ, फ्रिजच्या मुठीला वेगळी खोळ. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. गॅसच्या टाकीला झालरीचा झगा. उन्हाळा सरला की कूलरला जुन्या चादरीचा बुरखा. शिलाई मशीनवर तर दोन खोळी, एक धुळीसाठी आणि एक दिसायला. सोनपेठच्या त्या गल्लीतल्या बायका तिच्याकडं ब्लाऊज टाकायला यायच्या आणि जाताना आपल्याही मिक्सरचं माप सांगून जायच्या. हात चांगला होता तिचा, त्यात खोट काढायला जागा नाही. पण या सगळ्या हौसेच्या बुडाशी एक भीती होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आपल्या घरातलं काहीतरी कुणाला दिसेल आणि ते माणूस मनात हसेल, एवढीच ती भीती.

सासू सरजाबाई अगदी उलट. आयुष्य लोकांच्या रानात कापूस वेचण्यात गेलेलं. त्या कष्टावर एकुलत्या एका लेकाला, धम्मानंदला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर केलेलं. मनात येईल ते बोलून त्या मोकळ्या व्हायच्या, समोर कोण बसलंय ते न बघता.

"काय गं हे," त्या चार बायकांदेखत म्हणायच्या, "गॅसच्या टाकीला परकर कामून नेसवलास? लाज वाटायलीय का तिला?"

बायका हसायच्या. सुकेशनीही हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात ठेवायची. सासूचा जाच वगैरे काही नव्हता. पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही सरजाबाईंच्या तोंडून सुनेसाठी एक धड चांगला शब्द निघाला नव्हता. तो शब्द सुकेशनीला हवा होता. जाणत्या बाईनं इतकं हवंसं वाटून घेऊ नये, इतका हवा होता.

दिवाळी झाली आणि सरजाबाईंचं पोट दुखायला लागलं. "वारं धरलंय," म्हणत त्यांनी ओवा चावला, शेक घेतला, आणि दुखणं अंगावर काढलं. शेवटी परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं तेव्हा आतड्याला भोक पडून सगळं पोट आतून नासलेलं. साखरेचा आजार होताच. रातोरात ऑपरेशन झालं, मग कितीतरी दिवस अतिदक्षता विभागात नाकातोंडात नळ्या. त्यातून त्या डोळे उघडून बाहेर आल्या, तर टाके सुटले. जखमेत पू झाला आणि पोटावरची जखम उकलली. सुकेशनीनं ती एकदा पाहिली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

डॉक्टरांनी मग ते यंत्र लावलं. जखमेत काळा स्पंज बसवायचा, वरून पारदर्शक पडदा चिकटवायचा, पडद्याला नळी, आणि नळीचं दुसरं टोक यंत्राला. यंत्र आतली हवा सारखी ओढत राहतं. जखमेतलं घाण पाणी यंत्राच्या डब्यात येऊन पडतं आणि जखम हळूहळू आवळत जाते.

"आजीचं अंग नाजूक झालंय," डॉक्टर म्हणाले, "पुन्हा टाके घातले तरी धरणार नाहीत. हेच आता आपलं काम करील."

बबिता सिस्टरनं सुकेशनीला जवळ बोलावून डबा दाखवला. "ताई, रंगावर लक्ष ठेवायचं. गुलाबी, पिवळट पाणी आलं तर चालतं. लालभडक दिसलं तर हे बटन दाबून यंत्र बंद करायचं आणि आम्हाला हाक मारायची. पायात गुठळी झाल्यामुळं आजीला रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू आहे, म्हणून सांगतेय. आम्ही बघतोच, पण तुम्ही चोवीस तास जवळ असता." आवाजाचं बटनही तिनं दाखवलं. नळी दबली तरी यंत्र वाजतं, तेव्हा आधी नळी बघायची आणि मग आवाज बंद करायचा. सुकेशनीला सगळं समजलं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय तिला पुढंही राहिली नाही.

सरजाबाईंना त्या यंत्राचं कौतुकच वाटलं. कुणी भेटायला आलं की आधी डबा दाखवायच्या. "बगा, माज्या पोटातली घाण कशी डब्यात यायलीय. दिसभर गुरगुरायलंय मेलं, मांजरावानी." भेटायला माणसं तर रीघ लावून यायची. आपल्याकडं आजारी माणसाला बघायला गेलं नाही तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. राणीसावरगावच्या एका पाहुणीनं डबा बघून नाकाला पदर लावला आणि चहा न घेताच उठली. सरजाबाईंच्या ते लक्षातही आलं नाही. सुकेशनीच्या मात्र कानापर्यंत आग गेली.

त्याच आठवड्यात ती कपडे आणायला एक दिवस सोनपेठला आली. दोन भाकरी टाकल्या, मशीनवरच्या दोन्ही खोळी काढल्या आणि उरलेल्या फुलाफुलांच्या कापडातून डब्याची खोळ शिवली. डब्यासकट अख्खं यंत्र आत जाईल एवढी. वर ओढायची नाडी, खाली शिवण, बाजूला नळीपुरतं काज. काजाला दुहेरी टीप. अशी नेटकी वस्तू तिच्या हातून क्वचितच झाली असेल.

"यालाबी नेसवलंस?" सरजाबाई म्हणाल्या. "हसवू नको गं, पोट ओढायलंय."

बबिता सिस्टरनं खोळीची शिवण बोटानं चाचपली. "छान शिवलंय हो ताई. पण काढून ठेवा. डबा दिसला पाहिजे."

सुकेशनीनं तिच्यादेखत खोळ काढली, घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

मग बोरीहून चांगुणाबाई आली. ही सुकेशनीची चुलती. लहानपणी आई गेल्यावर हिनंच तिला वाढवलं होतं आणि वाढवता वाढवता कशात काय चुकलं हेही रोज सांगितलं होतं. चांगुणाबाईची नजर घरात शिरली की आधी कोपऱ्यातल्या जाळ्याला लागायची. तिला सुकेशनी फोनवर नेहमी सगळं छान चाललंय असंच सांगत आली होती. आता ती दोन बायकांना घेऊन जीपनं आली आणि खालून फोन केला, "आलोत गं आमी. कितवा मजला?"

सुकेशनीनं खोलीकडं पाहिलं. चादर सरळ केली. नळी पांघरुणाखाली घातली. डब्यात पिवळट पाणी होतं, त्यात तारेसारखं काहीतरी तरंगत होतं. तिनं पर्समधली खोळ काढली.

"काढ म्हनली होती न्हवं सिस्टर?" सरजाबाई म्हणाल्या.

"तासाभराचं तर आहे, आत्या. काकू गेल्या की काढते."

सरजाबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्या कधी नव्हे ते चटकन मऊ झाल्या. "घाल बाई. तुज्या माहेरची मानसं हायत."

चांगुणाबाईनं संत्री आणि बिस्किटांचे पुडे टेबलावर ठेवले, सरजाबाईंना जय भीम घातला, खुर्ची ओढून बसली आणि पहिला हात खोळीवर ठेवला. "तुजीच शिवन ना गं? दुरूनच वळखली. काय हाय हेच्यात?"

"यंत्र आहे औषधाचं," सुकेशनी म्हणाली.

"हात हाय बाई हिचा. इनबाई, सून चांगली निगाली ना आमची?"

सरजाबाई नुसत्या हसल्या. मग बोरीच्या गोष्टी सुरू झाल्या. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणाच्या लग्नात जेवण कमी पडलं. सुकेशनीनं चहा मागवला. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. खोली नीटनेटकी दिसत होती, माहेरची माणसं बसली होती आणि कुणी नाकाला पदर लावलेला नव्हता.

यंत्र वाजलं.

"काय गं वाजायलं?"

"काही नाही काकू, चार्जिंगचं असतं." खोळीच्या काजातून बोट आत घालून तिनं आवाजाचं बटन दाबलं. मोबाइल वर्गात वाजल्यावर मास्तर दाबतात तसं, बोलता बोलता. नळी बघितली नाही. डबाही बघितला नाही, कारण डबा बघायचा तर नाडी सोडावी लागली असती.

थोड्या वेळानं ते पुन्हा वाजलं आणि तिनं पुन्हा दाबलं.

"सुकेशनी, थंडी वाजायलीय गं," सरजाबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता. सुकेशनीनं शाल काढून त्यांच्या गळ्यापर्यंत ओढून घातली. तिथंही तिनं झाकलंच.

"झोपू द्या त्यांला. बोलून बोलून थकल्या," चांगुणाबाई उठली. सुकेशनी तिला पोचवायला खाली गेली. जीपपाशी उभं राहून चांगुणाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला, "लय करायलीस बाई सासूचं. माजं नाव काढलंस." ते ऐकायला सुकेशनी अजून जरा वेळ उभी राहिली. जीप गेटातून बाहेर पडेपर्यंत हात हलवत राहिली. मग सावकाश जिना चढून आली आणि शब्द दिल्याप्रमाणं नाडी सोडून खोळ काढली.

डबा काठोकाठ लाल होता. पाणी नव्हतं ते.

यंत्र बंद केल्याचं तिला आठवतं. ओरडल्याचं आठवत नाही, पण ती अशी ओरडली की दोन मजले खालची माणसं वर आली. बबिता सिस्टर धावत आली, तिनं जखमेवर दोन्ही हात दाबून धरले. डॉक्टर आले. शालीखालचा सरजाबाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. खाट चाकांसकट ऑपरेशनच्या खोलीकडं पळवत नेली. सुकेशनी रिकाम्या खोलीत उभी राहिली आणि मग तिला कळलं की खोळ अजून आपल्या मुठीत आहे. तिनं ती पर्सच्या तळाशी खुपसली.

धम्मानंद शाळेतून आला. त्याच्या शाळेतले मास्तर रक्त द्यायला आले. संध्याकाळच्या सुमाराला डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, रक्तवाहिनी सापडली, बांधली, आता बरं आहे.

"आधी कुणी पाहिलं?" त्यांनी विचारलं.

"सुनेनं," बबिता सिस्टर म्हणाली. "त्यांनीच यंत्र बंद करून हाक मारली."

"अजून जरा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं." डॉक्टर सुकेशनीकडं वळले. "तुमच्यामुळे वाचल्या आजी. एवढं लक्ष नर्ससुद्धा ठेवत नाहीत."

बोलायची वेळ हीच होती. धम्मानंदनं भर व्हरांड्यात तिच्यापुढं हात जोडले आणि तो रडायला लागला. मास्तर लोक खाली मान घालून उभे. सुकेशनीनं तोंड उघडलं. "आत्यांना भेटता येईल का?" एवढंच त्या तोंडातून निघालं. हे असंच असतं. खोटं बोलायला तिला एक शब्दही उच्चारावा लागला नाही, नुसतं गप्प राहणं पुरलं.

डबा भरेपर्यंत यंत्र वाजलं कसं नाही, याची चर्चा झाली. यंत्रातच बिघाड असणार, असं ठरलं आणि ते परत पाठवून दुसरं आणलं. बिचारं दोनदा ओरडलं होतं. त्याच्या बाजूनं बोलायला मात्र कुणी नव्हतं.

सरजाबाई चिवट. त्या यातूनही उठल्या. नव्या यंत्रानं आणखी काही आठवडे जखम ओढली, तळातून लाल कोवळं मांस भरून आलं. थंडी कमी व्हायला लागली तेव्हा डॉक्टरांनी लहानसं यंत्र देऊन त्यांना घरी सोडलं. पर्ससारखं खांद्याला अडकवायचं, डबाही मुठीएवढा. पट्टी बदलायला तेवढं परभणीला जायचं.

घरी आल्या आल्या सोनपेठची माणसं लोटली. आणि सरजाबाईंनी सांगायला सुरुवात केली.

"माजी सून न्हाई ती, माजी बाय हाय," त्या म्हणायच्या. "मी तर गेलतेच. डोळ्याम्होरं अंधारी. पर हिची नजर डब्यावर. एक घडी नजर हटवली न्हाई हिनं. डाक्टर म्हनला, आजी, सुनेमुळं वाचलीस."

दर पाहुण्याला तीच गोष्ट, आणि दर वेळी तिच्यात थोडी भर. आधी सुकेशनी डब्याकडं बघत होती. मग ती अन्नपाणी सोडून डब्याकडं बघत होती. शेवटी शेवटी तर माहेरची माणसं आलेली असतानाही तिनं डब्यावरची नजर हटवली नव्हती. त्या दिवशी खोळ घालायला आपणच हो म्हटलं होतं, हे दुखण्यात सरजाबाईंच्या मनातून पुसूनच गेलं होतं. सुकेशनी आत चहाचं आधण बघत हे ऐकायची आणि चहा उतू जायचा.

इतक्या वर्षांत न मिळालेला चांगला शब्द असा ओंजळीओंजळीनं मिळत होता आणि त्यातला एकही तिचा नव्हता. सरजाबाई आता तिला नावानं हाक मारत नव्हत्या, 'बाय' म्हणत होत्या. तिनं केलेली भाजी चांगली झाली म्हणत होत्या. रात्री त्यांचा हात चाचपडत यायचा आणि तिच्या हातावर पडून राहायचा. त्या हाताखालचा आपला हात काढून घ्यावा की ठेवावा, हे तिला कळायचं नाही. ती दिवसातून कितीदा तरी उठून डबा बघायची. भीतीनं बघायची, आणि सरजाबाई ते बघून पाहुण्यांना सांगायच्या, "बगा, अजूनबी कशी बगती."

विहारात रविवारी वंदना व्हायची. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील आलं की तिचा आवाज आपोआप खाली जायचा. शेजारची बाई त्या ठिकाणी हटकून मोठ्यानं म्हणते असं तिला वाटायला लागलं. शेजारची बाई पूर्वीपासून तसंच म्हणत होती.

एकदा तिनं धम्मानंदला सांगायचा प्रयत्न केला. "अहो, त्या दिवशी ना, काकू आल्या होत्या तेव्हा..."

"नको आठवू," तो म्हणाला. "तू होतीस म्हणून माय हाय." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली तिला पुढं बोलता आलं नाही.

खोळ तिनं शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्याखाली ठेवली होती. टाकून द्यावी असं रोज वाटायचं. टाकली नाही.

माघ पौर्णिमेला सरजाबाईंनी घरी वंदना ठेवायची असं ठरवलं. खीर करायची, गल्लीतल्या बायका बोलवायच्या, बोरीच्या चांगुणाबाईलाही निरोप. आणि धम्मानंदला बाजारात पाठवून त्यांनी एक साडी आणवली. मोरपंखी, जरीच्या काठाची. सुकेशनीला दाखवली नाही, पण घरात झाकून ठेवायची कला सरजाबाईंना कधीच साधली नव्हती. साडीची पिशवी त्यांच्या उशाशीच होती.

पौर्णिमेच्या सकाळी सुकेशनी खिरीसाठी तांदूळ निवडत बसली होती.

"बाय," सरजाबाई म्हणाल्या, "ती फुलाची खोळ व्हती बग दवाखान्यात. कुठं गेली?"

"हरवली, आत्या." हे तर उघडच खोटं. एवढं मात्र तिला तोंडानं बोलावं लागलं.

"मग दुसरी शिव की. आज मानसं यायलेत. तुजा पाच मिनिटांचा खेळ." आणि मग जरा लाजत, "मी लय हसले तुज्या खोळीला आजपत्तोर. मनाला लावून घेऊ नको. चांगली दिसती वस्तू झाकली म्हंजी."

सुकेशनी उठली. मशीनपाशी बसली. कापड काढलं, मापाला डबा बघायची गरज नव्हती, तो डोळ्यांपुढून हलतच नव्हता. कापड सुईखाली सरकवलं, दांडी खाली केली आणि पाय पायडलवर ठेवला. पाय हलेना. बाहेरून सरजाबाई शेजारणीला सांगत होत्या, "शिवायला बसली बगा, शब्द खाली पडू देत न्हाई." सुकेशनी तशीच बसून राहिली. मग कापड काढून घडी केलं आणि उठून तांदूळ धुतले.

दुपारच्या आत घर भरलं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लागल्या, पांढऱ्या साड्यांतल्या बायका सतरंजीवर बसल्या. सरजाबाई भिंतीला उशी लावून टेकलेल्या, यंत्र मांडीशेजारी, डबा उघडा. वंदना झाली. खीर वाटून झाली. चांगुणाबाईनं वाटी खाली ठेवत सगळ्यांदेखत विचारलं, "अगं, ती खोळ कुठं केलीस? आमी आलतो त्या दिशी व्हती बग डब्याला. लय सोभत व्हती."

सुकेशनीच्या हातातलं ताट थांबलं.

पण कुणालाच काही खटकलं नाही. सरजाबाई म्हणाल्या, "हरवली म्हनती," आणि शेजारीण म्हणाली की माझ्याही मिक्सरची हरवली, आणि बोलणं पुढं गेलं. वाचली होती सुकेशनी. आता कुणीही कधीही विचारणार नव्हतं.

सरजाबाईंनी उशाची पिशवी ओढली आणि साडी मांडीवर काढली. "ये बाय, अशी म्होरं ये. ऐका गं समद्याजनी. मला लेक न्हाई म्हनून मी लय दिस रडले. आता रडनार न्हाई. त्या दिशी हिची नजर हटली असती तर..."

"डबा झाकलेला होता," सुकेशनी म्हणाली.

"काय?"

"डबा झाकलेला होता, आत्या. मी बघत नव्हते. काकू आल्या म्हणून मीच खोळ घातली. सिस्टरनं नको म्हणून सांगितलं होतं तरी घातली. यंत्र वाजलं, दोनदा वाजलं. मी आवाज बंद केला. बघितलं नाही. काकूंना घाण दिसू नये म्हणून." आता थांबता येत नव्हतं. "मग मी काकूंना पोचवायला खाली गेले. जीपपाशी बोलत उभी राहिले. वर येऊन खोळ काढली तेव्हा दिसलं. माझ्यामुळं वाचला नाहीत तुम्ही. माझ्यामुळंच मरत होतात."

मांडीशेजारचं लहानसं यंत्र गुरगुरत राहिलं. चांगुणाबाईनं खिरीची वाटी उचलली आणि परत खाली ठेवली. धम्मानंद दारात उभा होता. तो बायकोकडं बघत नव्हता, आईकडं बघत होता.

"मला थंडी वाजायली व्हती," सरजाबाई हळू म्हणाल्या. "मी सांगितलं व्हतं तुला."

"हो. मी शाल घातली."

"शाल घातलीस." सरजाबाईंनी मान हलवली. साडीवरून एकदा हात फिरवला, ती परत पिशवीत घातली आणि पिशवी उशाशी ठेवली. "खीर घ्या गं," त्या बायकांना म्हणाल्या, "गार व्हायलीय."

माणसं लवकरच उठली. चांगुणाबाई जाताना सुकेशनीच्या जवळ आली, पण या खेपेला गालावरून हात फिरवला नाही. धम्मानंद एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचं," आणि चपला घालून बाहेर गेला. सुकेशनी मोरीत बसून खिरीची भांडी घासत राहिली. घासलेलीच पुन्हा घासली. तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. मिळालेलं सगळं परत गेलं होतं, आणि ते आपलं नव्हतंच हे माहीत असूनही ते गेल्याचं दुःख व्हायचं ते झालंच.

"सुकेशनी."

बाय नाही. सुकेशनी. ती ओले हात पुसत बाहेर आली.

"डबा बग."

ती खाली बसली. "गुलाबी आहे, आत्या. पाण्यासारखा."

"उजेडात धरून बग."

तिनं डबा खिडकीकडं धरला. "गुलाबीच आहे."

"बरं. जरा वेळानं परत ये." सरजाबाईंनी भिंतीकडं तोंड केलं.

जरा वेळानं ती परत गेली. त्यानंतरही गेली. दर वेळी सरजाबाई विचारायच्या, ती रंग सांगायची, आणि त्या "बरं" म्हणून तोंड फिरवायच्या. दुसरं एक अक्षर नाही. लेकाला त्या डबा बघू देत नव्हत्या. त्यानं हात पुढं केला तर म्हणाल्या, "तू नको. तिला बोलव."

दुसऱ्या दिवशी राणीसावरगावची ती पाहुणी आली, नाकाला पदर लावणारी. पौर्णिमेला तिला जमलं नव्हतं. सुकेशनीनं तिला पाणी दिलं आणि आत जाऊन गॅस पेटवला. बाहेर पाहुणीनं विचारलंच, "तवा काय झालतं म्हनं, सुनेनं वाचवलं?"

सुकेशनीनं गॅस बारीक केला. ओट्याची कड धरून उभी राहिली.

सरजाबाईंनी सांगितलं. सगळं सांगितलं. खोळ सांगितली, सिस्टरनं नको म्हटलेलं सांगितलं, यंत्र दोनदा वाजलेलं, बटन, शाल, जीपपाशी उभं राहणं, काहीच गाळलं नाही. गेल्या कित्येक आठवड्यांची भर सगळी काढून टाकली आणि नवी एका शब्दाचीही घातली नाही. सांगताना त्यांचा आवाज चढला, एकदा तर "मेले असते की मी!" म्हणून त्या ओरडल्याच. पाहुणीच्या तोंडून चुकचुक निघाली.

"अगं बाई. आन मग?"

चहाला उकळी फुटली.

"मग काय," सरजाबाई म्हणाल्या. "खोळ काढली तीबी तिनंच." आणि आत तोंड करून मोठ्यानं, "सुकेशनी, च्या आन. आन आदी डबा बगून जा."